नेट बंद पडलं की सुरुवात कुठून करायची: नेटवर्क प्रोटोकॉल क्रमाने शिकण्याची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलांना नेटवर्कचे सात थर तोंडपाठ असतात. तोंडी परीक्षेत ते घडाघडा म्हणून दाखवतात. पण लॅबमधला एक संगणक पुढ्यात ठेवून "याला नेट येईना झालंय, कुठं अडलंय बघ" म्हटलं की हात थेट राउटरच्या बटणाकडे जातो. बटण बंद, बटण चालू. चाललं तर चाललं, नाहीतर ऑपरेटरला फोन.

याचं कारण असं की प्रोटोकॉलची, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांची, नावं शिकवली जातात, त्यांचा क्रम शिकवला जात नाही. एखादं पान उघडताना संगणकात सगळं ठरलेल्या क्रमाने घडतं. आधी वायर किंवा वायफाय जुळतं, मग पत्ता मिळतो, मग गेटवे (बाहेर नेणारा राउटर) सापडतो, मग बाहेरची वाट, मग साइटच्या नावाचा आकडा, मग जोडणी, मग कुलूपबंद बोलणं आणि शेवटी पान. मागची पायरी झाल्याशिवाय पुढची होत नाही. शिकताना हाच क्रम धरा आणि बिघाड शोधतानाही हाच. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळून पुढे उडी मारू नका, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

## आधी तयारी

एक विंडोज संगणक, शक्यतो वायरने जोडलेला. एक चालू राउटर, ज्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. एक जास्तीची लॅन केबल, जी चालते हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. आणि एक वही. वहीबद्दल माझा आग्रह आहे. सगळं नीट चालू असताना आकडे कसे दिसतात हे लिहून ठेवलं नसेल, तर बिघडल्यावर काय बदललं हे कळायला मार्ग उरत नाही.

आज्ञा लिहायला कमांड प्रॉम्प्ट उघडा. या लेखात आज्ञा देवनागरीत आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या. जिथे चुकण्याची शक्यता आहे तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. पहिलीच आज्ञा घ्या: आयपीकॉन्फिग, म्हणजे आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, मग स्पेस, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि ए-एल-एल. लॅबमध्ये उबंटू असेल तर आय-पी, स्पेस, ए-डी-डी-आर असं लिहा, त्यात मॅक, आयपी पत्ता आणि मास्क मिळेल, गेटवे आणि डीएनएस मात्र दिसत नाहीत.

नेट चालू असताना या आज्ञेतून पाच गोष्टी वहीत उतरवा: मॅक पत्ता (विंडोज त्याला फिजिकल अॅड्रेस म्हणतं), आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर.

सावधान: हे प्रयोग स्वतःच्या घरच्या किंवा परवानगी मिळालेल्या नेटवर्कवरच करा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर न विचारता पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) पकडणं किंवा राउटरच्या सेटिंगला हात लावणं गैर आहे, अंगाशीही येऊ शकतं.

## टप्पा १: वायर किंवा वायफाय

इथे फार वेळ घालवायचा नाही, पण टप्पा गाळायचाही नाही. संगणकाच्या लॅन पोर्टजवळचे दिवे पाहा. दिवा लागलेला नाही म्हणजे त्या वायरवर जोडणीच नाही, मग पुढची एकही आज्ञा देण्यात अर्थ नाही. चांगली केबल लावून पाहा, मग राउटरवरचा दुसरा पोर्ट. खानापूर, जांबोटी भागात पावसाळ्यात वीज कडाडून गेली की राउटर चालू दिसतो, पण त्याचा एखादा पोर्ट मेलेला असतो. त्यामुळे पोर्ट बदलून पाहणं ही तिथली पहिली तपासणी.

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही. तो बिघाड ऑपरेटरचा, तुमचा शोध तिथे थांबतो.

तपासा: आयपीकॉन्फिगमध्ये त्या अडॅप्टरसमोर 'मीडिया डिस्कनेक्टेड' दिसत असेल तर तुम्ही अजून पहिल्याच टप्प्यावर आहात.

## टप्पा २: पत्ता मिळणं, म्हणजे डीएचसीपी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

नव्याने जोडलेल्या संगणकाला स्वतःचा आयपी पत्ता नसतो आणि पत्ता देणारा कोण हेही ठाऊक नसतं. म्हणून तो दवंडी पिटतो. ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ कडे निरोप जातो आणि तो त्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना ऐकू येतो. पुढे चार निरोपांत काम उरकतं:

१. डिस्कव्हर: संगणक विचारतो, पत्ता देणारा कोणी आहे का?
२. ऑफर: राउटर म्हणतो, हा पत्ता घे.
३. रिक्वेस्ट: संगणक म्हणतो, हाच द्या.
४. अॅक: राउटर म्हणतो, दिला, अमुक वेळेपर्यंत तुझा.

यासाठी यूडीपी या प्रोटोकॉलचे ६७ आणि ६८ हे पोर्ट वापरले जातात (हा पोर्ट म्हणजे वायर खोचायची जागा नव्हे, प्रोग्रामचा क्रमांक, तो टप्पा ६ मध्ये पाहू). पत्त्यासोबतच मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हरही मिळतात. पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. मुदत निम्मी सरली की संगणक स्वतःहून ती वाढवून मागतो.

आता चुका.

पहिली चूक: १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता पाहून 'आयपी आलाय' म्हणणं. तो आलेला नाही. दवंडीला कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून संगणकाने स्वतःच तो लावून घेतला आहे. आपल्याकडे करंट जाऊन परत आला की हे हमखास दिसतं. संगणक चटकन सुरू होतो, राउटर आणि फायबरचा डबा उठायला वेळ घेतात, आणि संगणक विचारतो तेव्हा उत्तर द्यायला कोणी जागं नसतं. अशा वेळी राउटर पुन्हा बंद करू नका. तो पूर्ण सुरू झाला की संगणकावर 'आयपीकॉन्फिग, तिरकी रेघ, आर-ई-एन-ई-डब्ल्यू' द्या. कायमचा उपाय म्हणजे राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणं.

दुसरी चूक: हाताने घातलेला पत्ता विसरणं. कोणीतरी 'नेट फास्ट होतं' म्हणून डीएनएस बदलायला सांगतं. मुलगा तीच खिडकी उघडतो, आयपी पत्ताही हाताने भरतो आणि विसरतो. घरी लॅपटॉप चालतो, कॉलेजात चालत नाही, कारण घरचा राउटर १९२.१६८.१ मालिकेतला आणि कॉलेजचा १० ने सुरू होणाऱ्या मालिकेतला. आयपीकॉन्फिगमध्ये 'डीएचसीपी एनेबल्ड' समोर 'नो' दिसलं की कारण सापडलं.

तिसरी चूक: एकाच नेटवर्कमध्ये दोन पत्ते वाटणारे. ही ओळखायला अवघड, म्हणून जवळून पाहू.

समजा गावातल्या एका संगणक केंद्रात बारा संगणक आहेत. ऑपरेटरने फायबरचा डबा बसवून दिला, त्यातच राउटर आहे. मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून केंद्रचालकाने घरातला जुना राउटर आणला आणि डब्यापासूनची वायर त्याच्या लॅन पोर्टात खोचली. दोन दिवस बरे गेले. मग सकाळी पाच संगणकांवर नेट आणि सातांवर नाही. दुपारी सगळे बंद करून चालू केल्यावर नेट असलेले सात, पण ते भलतेच. प्रत्येक जण आपापला अंदाज सांगतो: व्हायरस, विंडोज, केबल.

दोन संगणक शेजारी ठेवून आयपीकॉन्फिग चालवा. चालणाऱ्यावर गेटवे १९२.१६८.१.१, न चालणाऱ्यावर १९२.१६८.०.१. दवंडीला दोघे उत्तर देतात आणि ज्याची ऑफर आधी पोहोचते त्याचा पत्ता साधारणपणे घेतला जातो. जुन्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट घेणाऱ्या पोर्टात, काहीच जोडलेलं नाही, म्हणजे त्याला स्वतःलाच बाहेरचा रस्ता नाही. जे त्याच्याकडून पत्ता घेतात ते अडकतात.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे:

१. जुन्या राउटरची डब्याकडची वायर काढा.
२. एकच संगणक त्याला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जा.
३. त्याचा स्वतःचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. मुख्य राउटर हाच पत्ता दुसऱ्या कोणाला वाटणार नाही, हे त्याच्या वाटपाच्या यादीत पाहून घ्या.
४. नव्या पत्त्यावरून पुन्हा आत शिरा आणि डीएचसीपी बंद करा.
५. मग डब्याची वायर लॅन पोर्टातच लावा.
६. प्रत्येक संगणकावर आधी 'रिलीज' (आयपीकॉन्फिग, तिरकी रेघ, आर-ई-एल-ई-ए-एस-ई), मग 'रिन्यू'.

चौथी पायरी तिसऱ्याच्या आधी केली तर पत्ता वाटणारा बंद होतो आणि त्याच राउटरच्या सेटिंगमध्ये पुन्हा शिरताना तुमच्या संगणकालाच पत्ता मिळत नाही. मग हाताने पत्ता भरत बसावं लागतं.

तपासा: सगळ्या संगणकांवर गेटवे एकच दिसतो ना? दिसत असेल तरच पुढे.

## टप्पा ३: शेजारी की बाहेरचा? मास्क, गेटवे आणि एआरपी

पॅकेट पाठवण्याआधी संगणक एकच प्रश्न सोडवतो: ज्याला पाठवायचं आहे तो आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा? याचं उत्तर सबनेट मास्क देतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पत्त्याचे पहिले तीन भाग जुळले की शेजारी, न जुळले की बाहेरचा. १९२.१६८.१.५ ला १९२.१६८.१.२० शेजारी आहे, ८.८.८.८ बाहेरचा. अशा नेटवर्कमध्ये वापरता येणारे पत्ते २५४.

केबलवरून किंवा वायफायवरून प्रत्यक्ष पोहोचायला आयपी पत्ता पुरत नाही, मॅक पत्ता लागतो. तो १२ अक्षर-आकड्यांचा असतो आणि नेटवर्क कार्डाचा असतो. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधून देणारा प्रोटोकॉल म्हणजे एआरपी. तोही सगळ्यांना विचारतो, "१९२.१६८.१.१ कोणाचा? मला कळवा." ज्याचा असेल तोच उत्तर देतो.

इथली नेहमीची चूक परीक्षेतही दिसते. मुलं लिहितात की एआरपी वेबसाइटच्या सर्व्हरचा मॅक पत्ता शोधतं. तसं नाही. सर्व्हर बाहेरचा असेल तर एआरपी फक्त गेटवेचा मॅक शोधतं. पॅकेटवर आयपी पत्ता सर्व्हरचा आणि मॅक पत्ता गेटवेचा, असे दोन वेगळे पत्ते असतात. पुढे प्रत्येक राउटरवर मॅक बदलत जातो. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली की निम्मं नेटवर्किंग सोपं होतं, असं मला वाटतं.

करून पाहा. आधी गेटवेला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहा: पी-आय-एन-जी, स्पेस आणि वहीतला गेटवेचा पत्ता. मग ए-आर-पी, स्पेस, हायफन, ए. आलेल्या यादीत गेटवेच्या पत्त्यासमोर मॅक दिसायला हवा.

पिंगला नकार आला तर तो नीट वाचा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पाठवलं, पण उत्तर आलं नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आणि त्याआधी *तुमच्याच* संगणकाचा पत्ता असेल, तर एआरपीला उत्तर मिळालं नाही, म्हणजे पॅकेट घराबाहेरच पडलं नाही. दोन्हींचा अर्थ वेगळा, म्हणून उपायही वेगळा.

सावधान: पिंगला उत्तर नाही म्हणजे समोरचा बंदच आहे असं समजू नका. बऱ्याच संगणकांची फायरवॉल, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं गाळणारी व्यवस्था, पिंग अडवते. एआरपीच्या यादीत मॅक दिसत असेल तर तो जिवंत आहे.

## टप्पा ४: घराबाहेर पडणं

आता पिंग ८.८.८.८. हा गुगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. इथे मुद्दाम नाव न वापरता आकडा वापरायचा, म्हणजे डीएनएसचा प्रश्न मध्ये येत नाही.

उत्तरात टीटीएल नावाचा आकडा दिसतो. पॅकेट निघताना हा आकडा ठरावीक असतो, बहुतेकदा ६४ किंवा १२८, आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून दिलं जातं, नाहीतर चुकलेलं पॅकेट कायम फिरत राहिलं असतं. याच युक्तीवर ट्रेसर्ट ही आज्ञा चालते: टी-आर-ए-सी-ई-आर-टी, स्पेस, ८.८.८.८. ती मुद्दाम १, २, ३ अशा टीटीएलची पॅकेटं पाठवते आणि कुठला राउटर ती टाकून देतो हे कळवते.

पहिली ओळ तुमचा गेटवे. मधेच एखाद्या ओळीत तीन तारे आले आणि पुढच्या ओळी नीट आल्या तर काही बिघडलेलं नाही, त्या राउटरला उत्तर द्यायचं नव्हतं इतकंच. तारे शेवटपर्यंत येत राहिले तर मात्र शेवटची नीट ओळ लिहून घ्या.

नेटवर्कवरचं अंतर रस्त्यावरच्या अंतरासारखं नसतं. बेळगावातून कोल्हापुरातल्या संगणकाकडे निघालेलं पॅकेट आधी तुमच्या इंटरनेट कंपनीच्या मोठ्या केंद्रात जाऊन उलटं येऊ शकतं. म्हणूनच तुमचं ठिकाण दाखवणाऱ्या साइट कधी बेंगळुरू दाखवतात, कधी मुंबई. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटर जाऊन यायला निदान १० मिलिसेकंद लागतातच. पिंगचा आकडा वाचताना हा हिशेब जवळ ठेवा.

घरचे १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते बाहेर चालत नाहीत. राउटर त्यांच्या जागी स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो आणि कुठलं उत्तर कुणाला द्यायचं ते पोर्टच्या आकड्यावरून लक्षात ठेवतो. याला एनएटी म्हणतात.

यातूनच एक प्रश्न वारंवार येतो. निपाणीतल्या एखाद्या वखारीत कॅमेरे बसवले, ते घरी मोबाइलवर दिसावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून येणारं बोलणं कॅमेऱ्याकडे वळवलं, तरी दिसत नाहीत. राउटरच्या वॅन पत्त्याकडे पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान असेल तर ऑपरेटरनेही त्याच्याकडे आणखी एक एनएटी लावलेला आहे. मग तुमच्या राउटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग केलं तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. ऑपरेटरकडून सार्वजनिक पत्ता घ्या, किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सोय वापरा.

## टप्पा ५: नावाचा आकडा, म्हणजे डीएनएस

आकड्याला पिंग जातो पण साइट उघडत नाही, ही डीएनएस बिघडल्याची खूण. अशा वेळी व्हॉट्सअॅपसारखं आधीच जोडलेलं एखादं अॅप चालत राहतं, त्यामुळे लोक म्हणतात, "नेट आहे की, ब्राउझरच खराब आहे."

तपासायची आज्ञा: एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी, स्पेस आणि साइटचं नाव. वरच्या दोन ओळींत तुम्ही कोणत्या सर्व्हरला विचारलं ते येतं, खाली उत्तर. उत्तर आलं नाही तर तीच आज्ञा शेवटी स्पेस देऊन ८.८.८.८ जोडून पुन्हा चालवा. आता उत्तर आलं, तर दोष तुमच्या नेहमीच्या डीएनएस सर्व्हरचा. तरीही नाही आलं, तर आधी नावाचं स्पेलिंग पाहा, मग मागच्या टप्प्यावर परत जा.

डीएनएसचा प्रश्न सहसा यूडीपीच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर जातो, उत्तर मोठं असेल तर टीसीपीवर. मिळालेलं उत्तर संगणक काही काळ साठवून ठेवतो. साइट नव्या सर्व्हरवर गेली आणि तुमच्याकडे जुनीच उघडते आहे, याचं कारण बऱ्याचदा हा साठा. तो पुसायला आयपीकॉन्फिग, तिरकी रेघ, एफ-एल-यू-एस-एच-डी-एन-एस.

सावधान: डीएनएस बदलल्याने डाउनलोडचा वेग वाढत नाही. नाव शोधण्याचा वेळ थोडा कमी होऊ शकतो, एवढंच. कॉलेजच्या नेटवर्कवर बाहेरचा डीएनएस हाताने घातला तर लॉगिनचं पानच येणार नाही असंही होतं, कारण बऱ्याच ठिकाणी ते पान तिथल्याच डीएनएसच्या भरवशावर चालतं.

## टप्पा ६: जोडणी, म्हणजे टीसीपी, यूडीपी आणि पोर्ट

आयपी पत्ता संगणकापर्यंत नेतो. त्या संगणकावरच्या कोणत्या प्रोग्रामशी बोलायचं ते पोर्ट सांगतो. पोर्ट ० ते ६५५३५ असतात. वेबसाठी ४४३, जुन्या उघड्या वेबसाठी ८०, दुरून लिनक्सवर काम करायला २२. एवढे आधी पाठ करा, बाकीचे वापरताना कळतील.

टीसीपी बोलणं सुरू करण्याआधी तीन निरोपांत ओळख करून घेतं: सिन, सिन-अॅक, अॅक. मग प्रत्येक तुकड्याची पोच घेतं, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतं. यूडीपी यातलं काही करत नाही, पाठवतं आणि मोकळं होतं. त्यावरून 'टीसीपी चांगलं, यूडीपी वाईट' असं शिकू नका. व्हिडिओ कॉलमध्ये दोन सेकंदांपूर्वीचा शब्द पुन्हा पाठवून काय उपयोग? आणि नवं एचटीटीपी३ यूडीपीवरच चालतं, पोचपावतीचं काम वरचा क्विक प्रोटोकॉल सांभाळतो.

पोर्ट उघडा आहे का हे पिंगने कळत नाही. पिंग आयसीएमपी हा वेगळा प्रोटोकॉल वापरतं, त्याला पोर्टच नसतो. पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा द्या (मधला हायफन विसरू नका), पुढे साइटचं नाव, मग हायफन, पी-ओ-आर-टी आणि ४४३, मध्ये स्पेस. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर जोडणी झाली.

नकाराचे दोन प्रकार असतात. लगेच नकार आला तर समोरचा संगणक जिवंत आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. बराच वेळ थांबून नकार आला तर मधल्या एखाद्या फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं असण्याचा संभव जास्त.

## टप्पा ७: कुलूप, म्हणजे टीएलएस

टीएलएस बोलणं कुलूपबंद करतं आणि त्यासाठी सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याचं ओळखपत्र, तपासतं. कधी जोडणी होते पण ब्राउझर 'ही जोडणी खासगी नाही' म्हणतो. आधी संगणकाच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. जुन्या डेस्कटॉपमधली छोटी गोल बॅटरी संपलेली असते, करंट गेला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं असतं, आणि तुमच्या घड्याळाप्रमाणे ते अजून सुरूच झालेलं नसतं. तारीख दुरुस्त करा, बॅटरी बदला.

तारीख बरोबर असूनही इशारा आला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका, बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलवर तर मुळीच नाही. प्रमाणपत्रावरचं नाव आणि साइटचं नाव जुळतं का ते पाहा.

## टप्पा ८: पान, म्हणजे एचटीटीपी

इथवर पोहोचलात तर तुमचं नेटवर्क चांगलं आहे. आता जो आकडा दिसेल तो समोरच्या सर्व्हरचा निरोप आहे. ४०४ म्हणजे तो पत्ता तिथे नाही. ४०३ म्हणजे परवानगी नाही. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आतच काही बिघडलं. ५०२, ५०३, ५०४ म्हणजे सर्व्हर दमला आहे किंवा त्याच्या मागचा सर्व्हर उत्तर देत नाही. शेताचा उतारा काढायला दहा जण रांगेत आहेत आणि पोर्टल ५०३ दाखवतं, तेव्हा राउटर बंद-चालू केल्याने रांग फक्त वाढते. राउटर उठेपर्यंत छपाईसुद्धा थांबते. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, आणि लोकांना खरं कारण सांगा.

## टप्पा ९: डोळ्यांनी पाहणं

वायरशार्क हा येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा मोफत प्रोग्राम आहे. विंडोजवर बसवताना सोबत एनपीकॅप बसवायला होकार द्या, नाहीतर पॅकेटं दिसणार नाहीत. वर फिल्टरची पट्टी असते. त्यात प्रोटोकॉलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत लिहिलं की तेवढीच पॅकेटं उरतात. पट्टी लाल झाली म्हणजे लिहिण्यात चूक आहे.

पकडणं सुरू करून डी-एच-सी-पी हा फिल्टर लावा. आता कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रिलीज' आणि मग 'रिन्यू'. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अॅक चारही ओळी समोर येतील. मग 'रिलीज' न करता नुसतं 'रिन्यू' करा. या वेळी फक्त रिक्वेस्ट आणि अॅक दिसतील, कारण पत्ता आधीच हातात आहे, फक्त मुदत वाढवायची आहे. पुस्तकातल्या आकृतीत चार बाण आणि आपल्याकडे दोनच, म्हणून मुलं घाबरतात. त्याचं उत्तर हे.

डीएनएस पाहताना ब्राउझरऐवजी एनएसलुकअप वापरा. आजचे ब्राउझर कधीकधी डीएनएसचा प्रश्न एचटीटीपीएसच्या (कुलूपबंद एचटीटीपीच्या) आतून पाठवतात, मग फिल्टरमध्ये काहीच येत नाही आणि प्रोग्राम बिघडला असं वाटतं.

## सराव: मुद्दाम बिघडवा

घरच्या संगणकावर एका वेळी एकच गोष्ट बिघडवा, लक्षण वहीत लिहा, पूर्ववत करा, मग पुढची.

केबल काढा. नंतर गेटवे चुकीचा घाला, १९२.१६८.१.७७ सारखा, जिथे कोणी नाही: प्रिंटर चालेल, बाहेरचं काही चालणार नाही. मग गेटवे बरोबर ठेवून डीएनएसमध्ये तोच रिकामा पत्ता घाला: ८.८.८.८ ला पिंग जाईल, नावं मिळणार नाहीत. आधी साठा पुसायला विसरू नका, नाहीतर जुनी नावं चालत राहून तुमचीच फसगत होईल. शेवटी तारीख काही वर्षं मागे न्या आणि बँकेची साइट सोडून दुसरी कोणतीही साइट उघडून पाहा.

हे बिघाड मित्राला तुमच्या नकळत करायला सांगा आणि तुम्ही शोधा. दहा मिनिटांच्या आत सापडायला लागले की तोंडी परीक्षेत थरांची यादी विचारली काय आणि 'नेट का येत नाही' विचारलं काय, उत्तर जमेल.

## ऑपरेटरला फोन करण्याआधी

"नेट येईना" एवढंच सांगितलं तर पलीकडूनही "राउटर बंद-चालू करा" एवढंच येतं. त्याऐवजी असं सांगा: "फायबरच्या डब्यावर लाल दिवा नाही. पत्ता १९२.१६८.१.५ मिळालाय, गेटवेला पिंग जातो, ८.८.८.८ ला जात नाही. ट्रेसर्ट दुसऱ्या ओळीनंतर थांबतो. दुसऱ्या संगणकावरही तसंच आहे." हे आकडे फोन लावण्याआधी वहीत लिहून घ्या, वेळेसकट. आणि जुना राउटर काढून नवा लावला असेल तर तेही सांगा, कारण काही ऑपरेटर जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. त्यांनी नवा मॅक नोंदवेपर्यंत बाकी सगळं बरोबर असूनही नेट येणार नाही.